अक्षर तपासणाऱ्या डॉक्टरबाई

४ नोव्हेंबर

डॉक्टरबाईंनी सांगितलंय, रोज एक पान लिहायचं. शाळा सुटल्यापासून मी हजेरीपटाशिवाय काही लिहिलेलं नाही, त्यामुळे पहिल्या ओळीलाच घोडं अडलं. पण औषध म्हटलं की तोंड वाकडं करून चालत नाही.

आजार असा आहे, की माझा उजवा हात थरथरतो. दीड महिन्यापूर्वी पुलावर एका जवानाला ओढून आणत होतो. त्याचा पाय माझ्या हातात आला आणि बाकीचा तो मागेच राहिला. तेव्हापासून हे सुरू झालं. कोणाला सांगितलेलं नाही. सांगितलं तर मला मागे कुठल्यातरी ऑफिसात टपालावर शिक्के मारायला बसवतील, आणि माझा मेहुणा इथे एकटा राहील. धाकटा म्हणजे बायकोचा एकुलता एक भाऊ, बावीस वर्षांचा. तो माझ्याच तुकडीत आला तेव्हा बायकोने मला दारात अडवून सांगितलं होतं, "त्याला घेऊनच परत यायचं. नाहीतर तुम्हीही येऊ नका." ती नर्स आहे, उगाच बोलत नाही.

म्हणून मीच गुपचूप फोनवर 'हात थरथरतो उपाय' असं शोधलं. दुसऱ्याच दिवशी या डॉक्टरबाईंचा मेसेज आला. फौजेतल्या लोकांवर फुकट उपचार करतात, नाव विचारत नाहीत, वरिष्ठांना कळवत नाहीत. त्यांचं म्हणणं असं, की हात ताब्यात आणायचा तर हातानेच लिहायचं आणि पानाचा फोटो त्यांना पाठवायचा. अक्षर बघून किती फरक पडला ते त्या सांगणार. मजकुराशी आपल्याला काही घेणंदेणं नाही, हे त्यांनीच आधी सांगून टाकलं. बाई सरळ वाटतात.

५ नोव्हेंबर

"काय लिहू?" असं विचारलं. त्या म्हणाल्या, डोळ्यांसमोर जे दिसतं ते, जागा आणि वेळ धरून लिहा. मन भरकटत नाही.

तर आम्ही फर्निचरच्या बंद पडलेल्या कारखान्यात राहतो. मालक सगळं तसंच टाकून पळाला. त्यामुळे अख्खी तुकडी नक्षीदार डबल बेडवर झोपते, प्लास्टिकसुद्धा न काढलेल्या गाद्यांवर. माझ्या लग्नात मला असा पलंग मिळाला नव्हता. धाकट्याने तर आरशाचं कपाटही आपल्या पलंगाशेजारी ओढून आणलंय, सकाळी त्यात बघून भांग पाडतो.

माझं काम फोनचं. सगळ्यांचे फोन दारूगोळ्याच्या एका रिकाम्या पेटीत कुलूपबंद असतात. मंगळवारी आणि शुक्रवारी अर्धा तास देतो, तोही माझ्या डोळ्यांसमोर. फोटो काढायचा नाही, जागेचं नाव घ्यायचं नाही, 'आज पलीकडून गोळे आले' असं घरी सांगायचं नाही. शेजारच्या तुकडीत एकाने खिडकीपाशी उभं राहून फोटो काढला आणि बायकोला पाठवला. तिने तो कौतुकाने चार जणींना दाखवला. तिसऱ्या दिवशी ती खिडकीही राहिली नाही आणि तोही नाही. हे मी दर वेळी सांगतो. पोरं माघारी मला 'सासूबाई' म्हणतात. म्हणू देत. सासू असली की घर नीट चालतं.

पेटी ज्याच्या ताब्यात, त्याचाच फोन फक्त बाहेर राहतो. वरून सूचना त्यावर येतात.

८ नोव्हेंबर

बाई खूश आहेत. 'र' आणि 'स' अजून हलतात म्हणाल्या, पण ओळी सरळ येतायत. मलाही जाणवतंय. काल शर्टाची बटणं एका दमात लावली.

आजचा दिवस वेळेनुसार लिहितो. सहाला हजेरी. सातला पॉलिशच्या शेडमध्ये न्याहारी. तिथे चांगलं छप्पर आहे आणि चुलाणाची ऊब लागते, म्हणून सगळे तिथेच जमतात. एका वेळी तीस-बत्तीस जण सहज असतात. आचारी म्हणजे एक नंबरचा वाह्यात माणूस. रोज सकाळी ओरडतो, "या रे, गिळा, म्हणजे मी मोकळा!" आज माझ्या ताटात जास्तीचं वाढलं आणि म्हणाला, "सासूबाईंना आधी. नाहीतर माझा फोन जन्मात मिळायचा नाही." सगळे हसले. मलाही हसू आलं, पण दाखवलं नाही.

९ नोव्हेंबर

सात वाजून दहा मिनिटांनी.

तीन गोळे, एकामागून एक, थेट शेडवर. मी कुंपणाशी होतो. मागे वळलो तर शेडचं छप्पर हवेत होतं, आणि ते खाली यायच्या आधी दुसरा पडला. आत पॉलिशचे डबे होते, ते पेटले. जळतं पॉलिश अंगाला लागलं की निघत नाही, कातडीसकटच निघतं. एक जण पळत बाहेर आला. तो कोण हे मला त्याच्या बुटांवरून ओळखावं लागलं. मी त्याच्या अंगावर गादी टाकून लोळवलं, तर गादीचं प्लास्टिक त्याच्या पाठीला चिकटलं. त्यानंतर तो ओरडायचा थांबला.

आचारी चुलाणाला टेकून बसल्यासारखा होता. हातात पळी होती. मानेच्या वर काही नव्हतं.

नऊ मेले. अकरा जणांना मागे पाठवलं. धाकटा पहाऱ्यावर होता म्हणून वाचला. मी त्याला हात लावून पाहिला, सगळीकडे, लहान मुलाला चाचपतात तसा. तो म्हणाला, "दाजी, मी ठीक आहे, सोडा." माझा हात इतका हलत होता की त्यालाच तो धरून ठेवावा लागला.

१० नोव्हेंबर

कॅप्टनसाहेबांनी बोलावलं. म्हणाले, "सात दहाला. मोजूनमापून थेट शेडवर. हा योगायोग नाही. आपल्यातला कोणीतरी बोललाय. फोन तुमच्याकडे असतात. शोधा."

मी सगळ्यांचे फोन आणि बॅटऱ्या वेगळ्या केल्या, पेटीला दुसरं कुलूप लावलं. आता अर्धा तासही नाही. पोरं माझ्याकडे बघतसुद्धा नाहीत.

कालचं पान बाईंना पाठवलं. त्यांनी लिहिलं, 'तुमची काहीच चूक नाही. तुम्ही वाचलात याबद्दल स्वतःला माफ करा.' वाचून मी बराच वेळ रडलो. इतक्या दिवसांत मला असं कोणी बोललं नव्हतं. पुढे त्यांनी लिहिलं, 'आता तुम्हाला कुठे सुरक्षित वाटतं त्या जागेबद्दल लिहा. बारकाईने. मनाला आधार मिळतो.'

१२ नोव्हेंबर

सापडला, आणि कोणाकडे सापडावा!

पलंग उलटे करून झडती घेत होतो. धाकट्याच्या गादीची शिवण उसवून पुन्हा घातलेली दिसली. आत दुसरा फोन, छोटा, चार्ज केलेला. कॉलची यादी सगळी पुसलेली.

मी त्याला गोदामात नेला. विचारलं, "कोणाशी बोलतोस?" पुन्हा विचारलं. तो म्हणाला, "एका मुलीशी." "नाव सांग." "नाही सांगणार, दाजी. पण जागेचं काही बोललो नाही, आईशप्पथ."

मी मारलं. आधी हाताने, मग टेबलाच्या सुट्या पायाने. त्याने हात वर केले नाहीत. तो खाली पडला तेव्हा मी त्याच्या केसांना धरून उठवला आणि डोळ्याखाली बुक्का मारला. म्हणालो, "नऊ जण गेले. त्या आचाऱ्याचं डोकं अजून सापडलेलं नाही. तुझ्या त्या मुलीपायी!" तो रक्त थुंकून इतकंच म्हणाला, "तुम्हाला वाटतं तसं नाही."

हे लिहायला लाज वाटते, पण बाईंनी काही लपवायचं नाही असं सांगितलंय. मारताना माझा हात जराही थरथरला नाही.

१३ नोव्हेंबर

साहेब म्हणाले, चौकशीची गाडी शनिवारी येईल, तोवर त्याला कोंडून ठेवा. जागा मी निवडली. तो गुन्हेगार असला तरी माझ्या बायकोचा भाऊ आहे, काही झालं तरी जिवंत राहायला हवा.

म्हणून ती सुरक्षित जागा आज लिहितो. लाकूड वाळवायची खोली, आम्ही तिला भट्टी म्हणतो. विटांच्या दोन हात जाड भिंती, वर काँक्रीट. वरून गोळा पडला तरी काही होणार नाही. पुढच्या अर्ध्या भागात साहेबांचं टेबल आणि वायरलेस, मागच्या अर्ध्यात धाकटा, मध्ये फळ्यांची आडभिंत. मागचं दार लोखंडी, कुलूप मी लावलंय, किल्ली माझ्या गळ्यात. कच्ची बाजू एकच, पुढच्या भागातला पश्चिमेचा हवेचा झरोका. त्याला जाळी नाही. पण तो जेमतेम हातभर रुंद आहे, त्यातून काय येणार?

पाणी द्यायला गेलो तेव्हा त्याचा डोळा सुजून बंद झाला होता. तो म्हणाला, "दाजी, ताईला हे कळवू नका." मी दार ओढून पुन्हा कुलूप लावलं.

बाईंचं उत्तर आलं: 'अक्षर खूपच सुधारलंय.'

१५ नोव्हेंबर

दुपारी दोन वाजता एक छोटा ड्रोन आला. मी आणि साहेब फाटकाशी होतो. गोमाशीसारखा आवाज. तो कुठेच घुटमळला नाही. कारखान्याला वळसा घालून पश्चिमेला, पाण्याच्या टाकीमागे गेला आणि झरोक्यातून आत शिरला, स्वतःच्या घरात शिरावं तसा.

स्फोटाने पुढचा भाग कोसळला. वायरलेसवाला दारातून बाहेर फेकला गेला, डोकं फुटून. मागच्या भागात लाकडं पेटली. मी धावलो. लोखंडी दारावर आतून लाथा बसत होत्या. तो ओरडत होता, "दाजी, कुलूप! दाजी, कुलूप!"

किल्ली लागेना. हात इतका उडत होता की किल्ली भोकाच्या आजूबाजूला आपटत होती. दोनदा खाली पडली. दाराखालून धूर येत होता. डाव्या हाताने उजवा मनगटाला धरला तरी जमेना. मी कुलपाला शिव्या दिल्या, हाताला शिव्या दिल्या. आत लाथा मंदावल्या. शेवटी तुकडीतला सुतार कुऱ्हाड घेऊन आला आणि त्याने मला ढकलून कडी तोडली.

धाकट्याच्या पोटात लाकडाच्या चिरफळ्या गेल्या होत्या, मनगटाएवढ्या. आम्ही त्याला एका नव्या कोऱ्या डबल बेडवर ठेवला. वीस मिनिटं जिवंत होता. धुराने आवाज गेला होता. तो ओठ हलवत राहिला आणि मी "हो, हो" म्हणत राहिलो. काय म्हणत होता ते कळलं नाही.

१७ नोव्हेंबर

वायरलेसवाला डोक्याला पट्टी बांधून माझ्याजवळ येऊन बसला. म्हणाला, "हवालदारसाहेब, एक कळत नाही. बाहेरून तो झरोका दिसतच नाही, पुढे पाण्याची टाकी आहे. आत बसणाऱ्यालाच तो माहीत. मग त्यांना कोणी सांगितलं? फोन तर सगळे पेटीत."

"धाकट्याने," मी म्हणालो.

"त्याचा फोन बाराला काढून घेतलात तुम्ही. भट्टीत तो तेरापासून होता."

मी त्याच्यावर खेकसलो. म्हणालो, मग कोणीतरी तिसरा असेल, सगळी तुकडी पुन्हा उलटीपालटी करतो. सरळ उठून झडतीला लागलोसुद्धा.

चार पलंग उलटे केले असतील, तेवढ्यात बाईंचा मेसेज आला. 'तुमच्या मेहुण्याबद्दल फार वाईट वाटलं. घडलेलं सगळं लिहून काढा. साहेब वाचले का?'

मी तेरा तारखेनंतर बाईंना एक अक्षर पाठवलेलं नाही.

तिथेच पलंगाच्या कडेवर बसलो. वही काढून पहिल्या पानापासून वाचली. पॉलिशची शेड. सातची न्याहारी. तीस-बत्तीस जण. दोन हात जाड भिंती. पश्चिमेचा झरोका, जाळी नाही. सगळं सुवाच्य अक्षरात.

१८ नोव्हेंबर

साहेबांसमोर वही आणि फोन ठेवला. सगळं सांगितलं. त्यांनी वही उभ्यानेच वाचली. मग पिस्तूल काढून माझ्या कपाळाला लावलं. नळी गार होती. मी डोळे मिटले आणि खरं सांगतो, बरं वाटलं. त्यांनी खटका दाबला नाही. पिस्तुलाच्या मुठीने माझ्या तोंडात मारलं. दोन दात पडले.

"कुंपण शेत खातं हे ऐकून होतो," ते म्हणाले. "बस. तोंड पूस. अजून लिहायचंय."

त्यांचा बेत असा: बाईंना कळू द्यायचं नाही. उद्या नेहमीसारखं पान पाठवायचं. तुकडी रस्त्यापलीकडच्या रिकाम्या गोदामात हलली आहे, वीस तारखेला चार वाजता सगळे तिथे धाकट्याला निरोप द्यायला जमणार आहेत, असं त्यात घालायचं. त्यांनी तोफा डागल्या की आपले तोफखानेवाले त्या कुठून डागल्या हे हेरून उलट मारणार.

"पण नुसतं गोदाम लिहिलंस तर ते हुशार आहेत, वास येईल," साहेब म्हणाले. "जे वाटतंय ते सगळं लिही. त्याच्यात ही ओळ घाल."

१९ नोव्हेंबर (हे पान पाठवायचं)

डॉक्टरबाई, तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. धाकटा गेला. कुलूप मीच लावलं होतं. तो माझ्या लग्नात दहा वर्षांचा होता, माझे बूट लपवून बसला होता. त्याला पोहायला मी शिकवलं. पाण्यात टाकला की माझ्या गळ्यात हात टाकून म्हणायचा, "दाजी, सोडू नका हं." मी सोडत नसे. साहेब वाचले. आम्ही आता समोरच्या गोदामात राहतो, उद्या चारला सगळे तिथे जमून त्याला निरोप देणार आहोत. मला त्याच्यापुढे उभं राहता येईल का, माहीत नाही. त्याच्या दाराशी मी होतो आणि किल्ली माझ्या हातात होती.

(हे फोटो पाठवल्यावर लिहितोय. साहेबांनी वाचलं आणि म्हणाले, "चांगलं जमलंय." एक गोदाम सोडलं तर त्यातलं काहीच जमवलेलं नव्हतं. धाकट्यासाठीचं माझं पहिलंवहिलं रडणं मी शत्रूच्या हवाली केलं, कारण ऐकून घेणारं तेवढंच होतं.)

२० नोव्हेंबर

चार वाजून दोन मिनिटांनी गोदामावर अकरा गोळे पडले. आत कोणी नव्हतं. सहा मिनिटांत आपल्या तोफा सुरू झाल्या. टेकडीपलीकडे काळा धूर उठला, मग आतला दारूगोळा फुटायला लागला. वायरलेसवाल्याने ऐकलेलं सांगितलं, तिकडे माणसं जळत होती, वायरलेसचं बटण दाबलेलंच राहिलं होतं आणि किंकाळ्या ऐकू येत होत्या. पोरं पलंगांवर उड्या मारत ओरडली. सुताराने मला मिठी मारली. त्याला काही माहीत नाही, साहेबांनी कोणालाच सांगितलेलं नाही.

त्या जळणाऱ्यांत डॉक्टरबाई नसणार. ती कुठेतरी खुर्चीत बसलेली असेल, दुसऱ्या कोणाचं तरी अक्षर तपासत. बाई आहे की बाप्या, तेही मला माहीत नाही. मेसेज यायचे बंद झाले. दिवसातून चार-पाच वेळा फोन बघतो, याची मला किळस येते.

साहेब म्हणाले, "कागदोपत्री भटका ड्रोन असं जाईल. धाकट्यावर ठपका राहणार नाही. शव घेऊन तू जा. घरी यापेक्षा जास्त बोलायचं नाही, हा हुकूम समज. तुझी चौकशी परत आल्यावर."

२३ नोव्हेंबर

काल घरी पोचलो. धाकट्याला बाहेरच्या खोलीत ठेवला. सासूबाई, खऱ्या, भिंतीला टेकून बसल्या होत्या. बायकोने मला विचारलं नाही की मी त्याला जिवंत का आणला नाही. तिने सगळ्यांना बाहेर काढलं, पाणी आणलं आणि त्याचं तोंड पुसायला घेतलं. कामावर करते तसंच, कानामागून सुरुवात करून.

डाव्या डोळ्याखाली तिचा हात थांबला.

"हे स्फोटाचं नाही," ती म्हणाली. "हे मरायच्या दोन-तीन दिवस आधीचं आहे. कडेने पिवळं पडलंय. कोणी मारलं याला?"

हुकूम होता. मी गप्प राहू शकलो असतो. साहेबांनी लिहून दिलेला कागद खिशात होता, त्यावर शिक्का होता. ती माझ्याकडे बघत राहिली. मी पिशवीतून वही काढून तिच्या हातात दिली.

तिने ती उभ्याने वाचली. पानं उलटताना ओल्या बोटांचे डाग पडत होते. बारा तारखेच्या पानावर ती थांबली, तेच पान पुन्हा वाचलं. मग पुढे शेवटपर्यंत गेली. मी तिने मारायची वाट बघत होतो. मारलं असतं तर बरं झालं असतं.

"तो फोन मी पाठवून दिला होता त्याला," ती म्हणाली. "गेल्या महिन्यात त्याने चिठ्ठी पाठवली होती, की दाजींचा हात थरथरतो, ते कोणाला सांगत नाहीत, मला भीती वाटते. मी म्हटलं, लक्ष ठेव आणि मला रोज कळव. त्यांना कळू देऊ नको, फार मानी आहेत. रोज दोन मिनिटं बोलायचा. तुम्ही जेवलात का, बटणं लावता आली का. दुसरं काही नाही."

मी म्हणालो, "त्याने मुलगी म्हणून सांगितलं."

"मीच शपथ घातली होती."

वही तिने माझ्याकडे परत दिली नाही, ओट्यावर ठेवली. मग पुन्हा खाली बसली आणि त्याचं तोंड पुसायला लागली. डोळ्याखालचं तेवढं सोडून.